वाफसा साधणारा ट्रॅक्टर

गावात कुणी ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की पारावर पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा?" पाठोपाठ कंपनीचं नाव, आणि मग ट्रॉली किती ओढेल. रान केवढं, त्यात काय उभं आहे, माती कसली, स्टिअरिंगवर बसणार कोण, याची चौकशी फारसं कुणी करत नाही. बरेच महिने आमच्या घरात हाच विषय चालू आहे. त्यात जसजशी खोल जात गेले तसतशी माझी खात्री पटत गेली, की थोड्या जमिनीसाठी ट्रॅक्टर निवडताना एचपीचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा.

आमचं रान पुरंदर तालुक्यात, कऱ्हेच्या खोऱ्यात. चार-साडेचार एकर, तेही एका तुकड्यात नाही. वरच्या अंगाला मुरमाड उतार, तिथं सीताफळ. मधल्या टप्प्यात अंजीर. खाली ओढ्याकडं काळं रान, त्यात पावसाळ्यात वाटाणा आणि रब्बीला ज्वारी नाहीतर कांदा. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, सासवडच्या बाजारात सीताफळाच्या क्रेटांच्या रांगा लागतात, हे सगळं खरं. पण त्या क्रेटांमागं बहुतेक आमच्यासारखीच रानं आहेत. तुकड्यातुकड्यांची, बांधांनी वेढलेली, आत शिरायला बैलगाडीची वाट असलेली.

राज्यभर हेच चित्र आहे. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी धारण, म्हणजे एका खात्याची जमीन, ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले. वाटण्या होत गेल्या, बांध वाढत गेले, आणि नेमक्या त्याच काळात गावात येणारा ट्रॅक्टर मोठा होत गेला. पस्तीसचा पंचेचाळीस झाला, पंचेचाळीसचा पन्नास. एवढ्या यंत्राचे हप्ते चार एकरांवर फिटत नाहीत, म्हणून तो भाड्यानं दुसऱ्यांच्या रानात फिरतो. त्यात वावगं काही नाही, आमचीही कित्येक वर्षं त्याच्यावरच निघाली. फक्त तो आपल्या रानात कधी येणार, हे आपलं रान ठरवत नाही. त्याची फेरी ठरवते.

आणि रानाची सगळी मदार त्या 'कधी'वर असते. पाऊस उघडल्यावर तात्या, म्हणजे आमचे शेजारी, ज्यांनी उभा जन्म औत हाकलं, मूठभर माती उचलून दाबतात, तिचा गोळा करतात आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडतात. गोळा पडून फुटला तर वाफसा आहे, म्हणजे औत घालायला हवी तेवढीच ओल. चेपून तसाच बसला तर ओल जास्त आहे, रानात पाय टाकायचा नाही. आणि गोळा वळलाच नाही, तर वाफसा उडाला. आमच्या वरच्या मुरमाड पट्ट्यात वाफसा लवकर येतो आणि तितक्याच लवकर जातो. खालच्या काळ्या रानात तो उशिरा येतो, जरा टिकतो. एकाच सातबाऱ्यावर दोन वाफसे. बैलं होती तेव्हा याची अडचण नव्हती. आज वरच्या रानात कुळव, चार दिवसांनी खाली. भाड्याचा ट्रॅक्टर एकदाच येतो, आणि ड्रायव्हर म्हणतो, "वहिनी, आलोच आहे तर खालचंही उरकून टाकतो." ओलं काळं रान त्या दोन टनी धुडाखाली आलं, की वर ढेकळं निघतात आणि खाली कडक थर बसतो. पुढं मुळं त्या थरावर आडवी होतात, पाणीही त्याच्यावरच तुंबतं. कांद्याच्या वाफ्यात ते उघड दिसतं. एका पट्ट्यात पात हिरवीगार, शेजारी पिवळी.

म्हणून थोड्या जमिनीला लागणारा ट्रॅक्टर मी मोठ्या ट्रॅक्टरचा धाकटा भाऊ मानत नाही. तो बैलजोडीचा वारस आहे. दावणीला हवा, हाकेसरशी निघायला हवा, अर्धा तास काम असलं तरी परवडायला हवा, आणि मातीवर जड पडता कामा नये. त्याला ज्या कसोट्या लावायच्या त्या बैलाच्याच.

बैलं का गेली, हे वेगळं सांगायला नको. वैरण, माणूस, वर्षभर पोसायचं आणि काम मोजक्या दिवसांचं. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या नर गोवंशाची संख्या आधीच्या, २०१२ च्या गणनेपेक्षा तीस टक्क्यांनी घटलेली निघाली. आमच्या आळीत आता बेंदराला पूजा करायला मातीची बैलं आणतात. ही पोकळी कशानं भरायची याचा विचार ज्यांनी मनापासून केला, त्यांत मला अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगानी फार मोलाचे वाटतात. सौराष्ट्रात दुष्काळात बैलं सांभाळणं अवघड झालं, तेव्हा त्यांनी बुलेट मोटरसायकलचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकं आणि औजार जोडायचा सांगाडा बसवला. लोक त्याला 'सांती' म्हणतात. कपाशीच्या, भुईमुगाच्या ओळींत कोळपणीला ते यंत्र भराभर पसरलं, राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं त्यांचा गौरवही केला. त्यांनी आधी ओळीतलं अंतर पाहिलं, मग यंत्र केलं. आपण शोरूममध्ये नेमकं उलटं करतो.

आम्ही रानापासून सुरुवात केली. भाऊजी आणि मी टेप घेऊन गेलो. सीताफळाच्या ओळी कागदावर चौदा फुटांवर आहेत, पण झाड काही कागदावर वाढत नाही. दोन्ही बाजूंच्या फांद्या धरून टेप ताणली, तर छाटणीनंतर जेमतेम सात-आठ फूट मोकळे मिळाले आणि बहर भरात असताना पाच. अंजिरात तर काही ठिकाणी आम्हा दोघांनाच अंग चोरून जावं लागलं. मोठ्या ट्रॅक्टरची रुंदी सहा फुटांच्या आसपास असते, म्हणजे फळ धरल्यावर तो आत जाऊच शकत नाही. लहान मॉडेलं तीन ते साडेतीन फुटांत बसतात. त्यातही मागची चाकं आत-बाहेर करता येतात का हे पाहायचं, कारण बागेत ती आत हवीत आणि वरच्या उतारावर बाहेर. उंची हाही तितकाच महत्त्वाचा मुद्दा. सायलेन्सर बॉनेटवर उभा असेल तर तो फांद्या ओरबाडतो आणि पानं होरपळवतो. बागेसाठीच्या मॉडेलांत तो खालून काढलेला असतो. मडगार्डाच्या कडा गोल आहेत का, दिवे बाहेर आलेत का, हे माहितीपत्रकात नसतं. ते यंत्राभोवती फिरून हातानं चाचपावं लागतं.

ओळीच्या टोकाशी वळायला किती जागा आहे, हे मोजायचं तर बहुतेक जण विसरतात. आमच्याकडं बांधापर्यंत दहा-बारा फूट सुटलेत, एका कोपऱ्यात विहिरीमुळं त्याहून कमी. माहितीपत्रकात वळण-त्रिज्या दोन-सव्वादोन मीटर लिहिलेली असते. ती आतल्या चाकाचा ब्रेक दाबून घेतलेल्या वळणाची असते आणि मागं औजार नसताना मोजलेली असते. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात ते यासाठीच. पण मागं फवारणीची टाकी असेल तर तिची शेपटी बांधाच्या बाहेर जाते. शेजाऱ्याच्या उभ्या ज्वारीत आपली टाकी वळवायची, की पहिल्या झाडाची फांदी मोडायची, हे रोजचं दुखणं होऊन बसतं.

आता एचपी. इंजिनाची ताकद आणि पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, मिळणारी ताकद यांत फरक असतो. माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर म्हणजेच रोटर, फवारणीचा एचटीपी पंप, द्राक्षवाल्यांचा ब्लोअर, सगळं त्या दांड्यावर चालतं, त्यामुळं विचारायची ती पीटीओची एचपी. तो दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो तेव्हा इंजिन किती फेऱ्यांवर आहे, हेही विचारायचं. इंजिन कमी फेऱ्यांवर तेवढं देत असेल तर डिझेल वाचतं, आवाज कमी होतो. पंधरा ते अठरा एचपीला तीन फुटी रोटर, चोवीसच्या पुढं चार फुटी, हा ढोबळ हिशेब. औजार आधी ठरवावं आणि त्याला पुरेल तेवढाच ट्रॅक्टर बघावा, असं माझं ठाम मत झालंय. आम्हाला तण काढायला, माती भुसभुशीत करायला आणि फवारायला यंत्र हवंय. अंजिराची मुळं वरच्या थरातच पसरतात, तिथं खोल नांगर घालायचाच नाही. मग खोल नांगरटीची ताकद विकत घेऊन करायचं काय? काळ्या रानाला तीन-चार वर्षांतून एकदा पलटी नांगर लागतो, तेवढ्यापुरता गावातला मोठा ट्रॅक्टर आहेच.

या वर्गात पर्याय आता भरपूर आहेत. महिंद्राचा युवराज २१५ आणि स्वराजचा ७१७ हे पंधरा एचपीचे, एका सिलिंडरचे. बांधणी साधी, दुरुस्ती सोपी, गावातला मेकॅनिकही खोलून बसवतो. पण एका सिलिंडरचा हादरा दिवसभर कमरेला जाणवतो. बंगळुरूची व्हीएसटी मुळात पॉवर टिलरवाली, जपानच्या मित्सुबिशीबरोबर १९६७ पासून या धंद्यात. तिचा अठरा एचपीचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर द्राक्षपट्ट्यात जुना आहे. राजकोटचा कॅप्टन तर लहान ट्रॅक्टरांसाठीच ओळखला जातो. चोवीस एचपीत महिंद्राचा जिवो २४५ आणि कुबोटाचा निओस्टार बी २४४१, दोन्ही चारही चाकांना ओढ असलेले. महिंद्रानं १५ ऑगस्ट २०२३ ला केप टाउनमध्ये 'ओजा' ही हलक्या ट्रॅक्टरांची मालिका आणली. स्वराजचा 'कोड' अकरा एचपीचा, त्याहूनही अरुंद, भाजीपाल्याच्या ओळींत कोळपणीसाठी. कोकणात किंवा मावळ-मुळशीच्या भातखाचरात राहत असते, तर यातलं काहीच न घेता पॉवर टिलर घेतला असता. खाचराच्या बांधावरून उतरवायचं, चिखलात फिरवायचं, तर मागून चालत हाकायचं ते यंत्रच बरं. पण आमच्या दगडगोट्यांच्या उतारावर त्याच्या मुठी हात बधिर करतात, आणि घरातल्या बायकांना तो आवरत नाही.

चारही चाकांना ओढ हवी की मागच्या दोनच पुरतील, यावर भाऊजींचं आणि माझं जमत नव्हतं. त्यांचं म्हणणं, सपाट रानात टू व्हील पुरतो आणि लाख-दीड लाख वाचतात. ते बरोबरच आहे. निफाडच्या सपाट द्राक्षबागेत मीही तेच म्हटलं असतं. पण हलक्या ट्रॅक्टरची अडचण अशी, की वजन कमी म्हणून पकडही कमी. सहाशे ते नऊशे किलोच्या यंत्राच्या मागं भरलेली टाकी अडकवली आणि तो चढाला लागला, की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. पुढच्या चाकांनाही ओढ असली तर तेच वजन पूर्ण कामाला येतं. मागच्या दोनच चाकांना ओढ असलेल्या ट्रॅक्टरला पकड यावी म्हणून चाकात पाणी भरतात, पुढं लोखंडी वजनं लावतात. म्हणजे हलकं यंत्र घ्यायचं आणि मग ते जड करायचं, आणि जी माती दबू नये म्हणून हे सगळं चाललंय तीच दाबायची. आमच्या वरच्या पट्ट्यात ओल्या मुरमावर मला ते नको होतं. भाऊजींना शेवटी पटलं ते एका ओळखीच्यांच्या रानात दोन्ही प्रकार चालवून पाहिल्यावर. डांबरी रस्त्यावर मात्र पुढची ओढ काढून ठेवायची, नाहीतर टायर झिजतात.

औजार उचलणाऱ्या लिफ्टचंही असंच आहे. हायड्रोलिक साडेसातशे किलो उचलतं असं छापलेलं असतं, ते खालच्या दोन दांड्यांच्या टोकाशी. खरं औजार त्याच्या मागं लांब पसरलेलं असतं. म्हणून तपासणीत टोकापासून ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट मागं, भार धरूनही उचल मोजतात आणि तो आकडा कमी येतो. हे मला कळलं ते बुधनीच्या अहवालांमुळं. मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची शेती यंत्रांच्या प्रशिक्षणाची आणि तपासणीची संस्था आहे, १९५५ पासूनची. विक्रीला येणारी मॉडेलं तिथं तपासली जातात. कंपनीनं सांगितलेली ताकद आणि मोजलेली ताकद, पीटीओवर तासाला लागलेलं डिझेल, ओढ, ब्रेक, चालकाच्या कानाशी होणारा आवाज, हादरे, सगळं त्यात असतं. अनुदानाच्या कागदांत हा अहवाल लागतो, म्हणून विक्रेत्याकडं तो असतोच. तो मागून घ्या आणि फाईलला लावण्याआधी वाचा. दोन ट्रॅक्टरांचे अहवाल शेजारी ठेवले की तासाभरात जे समजतं, ते दहा शोरूम फिरून समजत नाही. इंग्रजी अडलं तर कॉलेजात जाणारं पोर घरात असतंच.

शोरूमचा विषय निघालाच आहे, तर मनातलं बोलते. एका ठिकाणी विक्रेत्यानं माझ्याकडं पाहून विचारलं, "साहेब नाही आले?" मी म्हटलं, चालवणार मी आणि माझ्या जाऊबाई आहोत, आम्हाला दाखवा. त्यानं भाऊजींकडं पाहूनच माहिती सांगितली. मला याचा मनापासून राग येतो. आमच्याकडं यांची नोकरी पुण्यात, भाऊजींचं निम्मं लक्ष दुधाच्या धंद्यात. खुरपणीपासून क्रेट भरण्यापर्यंत रानातलं काम बायकाच करतात, पण यंत्र आलं की किल्ली पुरुषाच्या खिशात जाते. लहान ट्रॅक्टर ही किल्ली खुंटीला टांगायची संधी आहे. म्हणून मी प्रत्येक ट्रॅक्टरवर चढून पाहिलं. पायरी किती उंच, सीट पुढं सरकते का, क्लच पूर्ण दाबला तर पाठ सीटला टेकलेली राहते का, गियरचा दांडा दोन पायांच्या मध्ये आहे की बाजूला. मध्ये असेल तर साडी नेसून बसायचं कसं? आमच्या आई सत्तरीच्या, त्यांनीही मोशीच्या किसान प्रदर्शनात एकावर बसून पाहिलं आणि सांगितलं, "हा बरा, याचे पाय पोचतात." पॉवर स्टिअरिंग आणि तेलातले ब्रेक या चैनीच्या गोष्टी नव्हेत. दुपारच्या उन्हात तिसऱ्या टाकीला हात भरून येतात, तेव्हा माणूस चुका करतो.

चुका इथं महाग पडतात. ट्रॅक्टरचे सगळ्यात वाईट अपघात उलटण्याचे. उतारावर आडवं चालवताना, बांधावरून उतरताना, विहिरीच्या कडेला. अरुंद यंत्र बागेत सोयीचं, पण तेच उतारावर लवकर कलतं. काही लहान मॉडेलांना मागं दुमडता येणारी लोखंडी कमान मिळते. उलटलं तरी चालक चेपत नाही, मात्र त्यासोबत सीटचा पट्टा लावायलाच हवा. झाडाखाली कमान दुमडायची आणि उघड्या रानात उभी करायची. मी ती मागून घ्यायला लावली. दुसरी गोष्ट पीटीओच्या दांड्यावरचं आवरण. आपल्याकडं ते पहिल्याच हंगामात तुटतं आणि कुणी परत बसवत नाही. पदर, ओढणी, शर्टाची बाही, काहीही त्या फिरत्या दांड्यात सापडलं की हात काढायलाही वेळ मिळत नाही. आमच्या घरात नियम ठरलाय: पदर खोचून वरून शर्ट, आणि दांडा फिरत असताना मागं कुणी जायचं नाही, ठिबकची नळी रोटरात गुंडाळली गेली तरी आधी इंजिन बंद.

ट्रॉलीच्या मोहाबद्दलही थोडं. लहान ट्रॅक्टर घेतला की लगेच कुणीतरी म्हणतं, मोठी ट्रॉली लावा, दिवे घाटातून माल थेट हडपसरला न्या. सपाटीला ओढायची ताकद असते, पण घाट उतरताना ओढायचा प्रश्नच नसतो. मागची भरलेली ट्रॉली हलक्या ट्रॅक्टरला ढकलत नेते, आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. क्रेट बांधावरून रस्त्यावर आणायला छोटी ट्रॉली पुरे, पुढं टेंपो आहे.

आता पैसे. असे ट्रॅक्टर साधारण साडेतीन लाखांपासून सुरू होतात, चोवीस एचपीचा चारही चाकांना ओढ असलेला सहाच्या आसपास जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला, सुट्या भागांवरचा आणि टायरांवरचा अठरावरून पाचवर, त्याचा चांगला फरक पडला. आम्ही असा हिशेब मांडला: ट्रॅक्टर आणि औजारं मिळून सहा लाख धरा, दहा वर्षांनी त्याचे पावणेदोन-दोन लाख येतील असं धरा. घसारा आणि अडकलेल्या पैशाचं व्याज मिळून वर्षाला पाऊण लाखाच्या वर जातात. वर्षात दोनशे तास चालला तर तासाला पावणेचारशे-चारशे रुपये तो उभ्यानंच खातो, शंभर तास चालला तर त्याच्या दुप्पट. त्यावर डिझेल, तेलपाणी, दुरुस्तीचे अडीचशेच्या आसपास. आमच्याकडं हंगामात भाड्याचा दर तासाला हजाराच्या जवळ आहे. म्हणजे दोनशे तास असतील तर घरचा परवडतो, शंभरच असतील तर नाही. आमच्या फवारण्या, तण, सरी, रोटर धरून दीडशे भरतात. उरलेले तास शेजारच्या दोन-तीन बागांत जातील. त्यांच्याही ओळी अरुंदच आहेत आणि त्यांनाही वाफशाला माणूस मिळत नाही. तेवढेही तास भरत नसतील, तर दोन-तीन घरांनी मिळून घ्यावा किंवा भाड्यानं यंत्रं देणाऱ्या अवजार बँकेचा वापरावा. केवळ दारात उभा असावा म्हणून कर्ज काढू नये, हे मी कुणालाही हात जोडून सांगेन.

राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अनुदानाचा अर्ज करता येतो. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना टक्केवारी जास्त, बाकीच्यांना कमी, आणि दोघांनाही वरची मर्यादा. पूर्वसंमती हातात पडण्याआधी खरेदी केली तर अनुदान गेलं म्हणून समजा. आमचा वरचा तुकडा आईंच्या नावावर आहे, म्हणून अर्ज त्यांच्या नावानं केला. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी बायकोच्या नावानं जमीन करा म्हणून लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम चालवला, तेव्हा आमच्या सासऱ्यांनी तो तुकडा त्यांच्या नावावर केला होता. अर्जावर अंगठ्याऐवजी सही करताना आईंनी चष्मा दोनदा पुसला.

आमचं ठरलंय ते चोवीस एचपीचा, चारही चाकांना ओढ असलेला, तीन सिलिंडरचा, मागं दुमडती कमान असलेला. पैसे भरायच्या आधी विक्रेत्याला एकच अट घातली: ट्रॅक्टर आमच्या रानात आणा, वरच्या पट्ट्यात ओल असताना, टाकी भरून, आणि विहिरीच्या कोपऱ्यात वळवून दाखवा. तिथं जाऊबाई चालवतील, तुमचा माणूस नाही. त्यांनी आधी टाळाटाळ केली, मग आणला. कोपऱ्यावर तो एका दमात वळला नाही, एकदा मागं घ्यावा लागला. तेवढं चालण्यासारखं आहे. रोटर चार फुटी घ्यायचा की साडेतीन, हे अजून चाललंय; भाऊजी चारावर अडलेत, मी साडेतीनवर, कारण अंजिरात दोन्हीकडं अर्धा-पाऊण फूट मोकळं राहायला हवं, नाहीतर ठिबकच्या नळ्या गेल्याच. आणि ओढ्याकडच्या बांधाला या उन्हाळ्यात नवी सीताफळं लावायची आहेत, त्या ओळी सोळा फुटांवर आखून झाल्यात, टोकाला पंधरा फूट मोकळे सोडून.